बेळगाव ते पुणे, एका पेटीच्या मागे-पुढे

मुलं रेल्वेने जातील आणि सामान रस्त्याने, असं ठरलं. मग सामानासोबत कोण, हा प्रश्न उरला. विज्ञानाच्या मॅडम मुलांबरोबर हव्या होत्या. मी मराठी शिकवतो. शनिवारी माझे तास नसतात. प्रश्न सुटला.

आमच्या शाळेचा रोबोटिक्सचा संघ नऊ जणांचा आहे. स्पर्धा पुण्याजवळच्या एका कॉलेजात होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत यंत्राची तपासणी, रविवारी सामने. तपासणी झाली नाही तर यंत्र मैदानात उतरत नाही, मग ते कितीही लांबून आलेलं असो. पत्रकात हे ठळक अक्षरांत छापलं होतं.

सामानाची यादी सन्मतीने केली होती. ती बारावीत आहे. मूळ निपाणीची, बेळगावात मावशीकडे राहून शिकते. संघात बॅटऱ्या तिच्या ताब्यात. गुरुवारी ती घरी गेली होती आणि निपाणी वाटेवरच असल्यामुळे तिथून आमच्या गाडीत बसणार होती. यादीत होतं: यंत्र एक. हत्यारांचे निळे क्रेट दोन. सुट्या मोटरा, चाकं. ग्राइंडर, ड्रिल. चार्जर. बॅटरीची पेटी एक. आणि खाली वेगळ्या ओळीत: मेलेले पॅक आणू नयेत.

इथे एक खुलासा करायला हवा. संघाची स्वतःची बोली आहे. तिच्यात मोटर रुसते, स्क्रू पळतो आणि बॅटरीचा पॅक मरतो. मेलेले पॅक वेगळ्या पेटीत ठेवतात, कारण फुगलेला पॅक शेजारच्या चांगल्या पॅकलाही घेऊन जाऊ शकतो. दोन पॅक मेले, तीन मेले, हे मी स्टाफरूमच्या खिडकीतून वर्षभर ऐकत आलो आहे.

गाडी परशराम मामांची. मामा कंग्राळीचे. त्यांच्या पिकअपमधून एरवी कोबी आणि बटाटा मार्केटला जातो. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी गाडी भरली. यंत्राभोवती लावायला त्यांनी भाताचं पिंजर आणलं होतं. मी नको म्हटलं. काड्या गिअरमध्ये शिरतात, एवढं मला आता कळतं. मग त्यांनी घरून वाकळ आणली, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. यंत्र वाकळीत गुंडाळलं. त्याचा हात बाहेर राहिला, तो टॉवेलने बांधला. जड खाली, नाजूक मध्ये, दोर आडवा न घेता तिरका. कुणी असं सामान नेणार असेल तर पॅकिंगच्या महागड्या फोमआधी घरातली वाकळ बघावी. ती सरकत नाही आणि आवाजही खाते.

शेवटी प्रयोगशाळेच्या फळीवर दोन लाकडी पेट्या उरल्या, एकाच मापाच्या. एकीवर काही लिहिलेलं नव्हतं. दुसरीवर लाल रंगात, सुबक वळणाच्या अक्षरांत एकच शब्द होता: मेले.

मी कोरी पेटी उचलली. मामांनी दुसरीला हात घातला.

"ही ऱ्हायली की, सर."

"ती मेलेल्यांची. राहू दे."

"व्हय?" त्यांनी ती जरा उचलून परत ठेवली. "लई जड हाय. मेलेलं जडच लागतंय म्हणा."

मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. बेळगाव सोडलं की वंटमुरीचा घाट लागतो, फार मोठा नाही, पण भरलेल्या पिकअपला आपलं वजन तिथे पहिल्यांदा कळतं. मामा पंचावन्नच्या वर गाडी नेत नव्हते. पुढे हत्तरगीचा टोल. मालवाहू गाडीला टोल कारपेक्षा जास्त बसतो. पुण्याला जाऊन येईपर्यंतचे दोन हजार फास्टॅगमध्ये असू द्यावेत. गाडीचा परवाना राज्याबाहेर चालतो का, हेही घरातून निघण्यापूर्वी बघावं. मामांचा चालतो. त्यांनी तो मला दोनदा दाखवला.

संकेश्वरच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना ऊस. तवंदीचा घाट उतरताना धुकं होतं आणि मागून यंत्राच्या हाताचा टॉवेलमधून टक टक आवाज येत होता. मामा म्हणाले, जागं झालंय. पावणेसातला निपाणी.

सन्मतीचं घर गावाच्या कडेला आहे. वडील बाळगोंडा अण्णा. ऊस, तंबाखू, आणि घरामागे लाकडी खोकी बनवायची एक शेड. बॅटरीची पेटी त्यांनीच बनवलेली आहे. आतून सिमेंटचा पत्रा, प्रत्येक पॅकला उभा कप्पा, तारा वरच्या बाजूला. पेटी आडवी झाली तर तारा दबतात आणि एकमेकींना लागतात. पुढचं सांगायची गरज नाही.

आम्हाला कट्ट्यावर बसवून सुसला दिला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वर शेंगदाण्याचं कूट. या भागात पाहुण्याला सकाळी हेच मिळतं आणि ते पुरतं. सन्मती खायला बसली नाही. प्रत्येक थांब्यावर व्होल्ट बघायचे हा तिचा नियम आहे. ती मीटर घेऊन गाडीकडे गेली. तिने पेटी उघडली, एका पॅकला मीटर लावला, मग दुसऱ्याला, मग झाकण बंद केलं.

"सर, हे मेलेले हायत."

"मेलेले शाळेत आहेत. पेटीवर लिहिलंय."

"काय लिवलंय?"

"मेले."

ती वडिलांकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी छोटं बोलली. बाळगोंडा अण्णा चहाची बशी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती कट्ट्यावर ठेवली.

"ते कन्नड हाय, सर. मेले म्हंजे वर. ही बाजू वर."

मी विचारलं, मग कन्नड अक्षरात का लिहिलं नाही. हा प्रश्न त्या वेळी निरुपयोगी होता, तरी मी तो विचारला. त्यांची शाळा मराठी, घर कन्नड. अक्षर शाळेचं, शब्द घरचा. शेडमधल्या प्रत्येक खोक्यावर ते असंच लिहीत आले होते आणि निपाणीत आजवर कुणाचं काही चुकलं नव्हतं. कोरी पेटीही त्यांनीच केलेली, जुनी. तिचं झाकण नंतर बदललं, त्यावर लिहायचं राहून गेलं.

"मी म्हटलं हुतं, जड हाय," परशराम मामा म्हणाले.

सन्मती गाडीच्या फळीवर बसून हिशेब करत होती. तसे पॅक पुण्यात विकत मिळतात, पण स्पर्धेत आधी नोंदवलेल्या क्रमांकांचेच चालतात. शाळेची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मॅडमकडे, आणि मॅडम रेल्वेत, पुण्याजवळ पोचत आलेल्या. गाडी मागे फिरवली तर भरलेल्या पिकअपला बेळगाव जाऊन येऊन साडेतीन तास. मग निपाणीहून पुणे सहा-सात तास. पाच वाजून जात होते. बारावीनंतर संघात राहता येत नाही. संघातली चार मुलं यंदा बारावीत आहेत, सन्मती धरून.

बाळगोंडा अण्णा आत जाऊन शर्ट बदलून आले. हातात कारची किल्ली.

"तुमची किल्ली द्या," ते म्हणाले. "मी आणतो पेटी."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी येतो. त्यांनी मान हलवली.

"शब्द माझा, वाचणं तुमचं. दोघांनी मिळून घोळ केलाय. दोघं मागं गेलो तर पोरीसंगं कोण?"

ठरलं ते असं. आम्ही थांबायचं नाही. भरलेली गाडी मागे फिरवायची नाही. ते पेटी घेऊन साताऱ्याच्या अलीकडे आम्हाला गाठतील. त्याच्या पुढे येणार नाहीत. पुण्याच्या गर्दीत त्यांनी गाडी कधी घातलेली नाही आणि घालायची इच्छा नाही. साताऱ्याच्या अलीकडचा एक धाबा मामांच्या ओळखीचा होता, डाव्या हाताला, पाण्याच्या उंच टाकीखाली. तिथे भेटायचं. वेळ एक वाजता.

मेलेल्या पॅकची पेटी तिथेच शेडमध्ये उतरवली. सव्वासातला कार दक्षिणेकडे गेली आणि आम्ही उत्तरेकडे.

कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसाने हात केला. सोबत शाळेचं पत्र ठेवावं: मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हीत, हत्यारांच्या यादीसकट. ग्राइंडर आणि करवतीची पाती एका क्रेटमध्ये बघून कुणालाही प्रश्न पडतो. पोलिसाने पत्र वाचलं नाही. तो वाकळीतून बाहेर आलेल्या हाताकडे बघत होता.

"काय हाय ते?"

"यंत्रमानव," मामा म्हणाले.

"झोपलाय?"

"रात्रपाळी हुती."

त्याने जाऊ दिलं. सन्मती हसली नाही. दूधगंगेचा पूल ओलांडला, कागल आलं, रस्त्याच्या पाट्यांवरचं कन्नड संपलं.

कागलपासून साताऱ्यापर्यंत रस्त्याचं काम चालू आहे. उड्डाणपुलांचे खांब उभे आहेत आणि वाहतूक बाजूच्या रस्त्याने वळवलेली. खड्डे आहेत, धूळ आहे, आणि दर थोड्या अंतरावर तोच पिवळा फलक. कोल्हापुरात शिरण्याची गरज पडत नाही. यंत्रासारखं सामान असेल तर या टप्प्याला नकाशा सांगेल त्याहून तासभर जास्त धरा आणि काचा बंद ठेवा. आम्ही किणी, कराड असं करत साडेअकराच्या सुमारास धाब्यावर पोचलो. त्या चार तासांत सन्मतीने वडिलांना फोन केला नाही. आप्पा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, एवढंच म्हणाली.

धाब्यावर पिठलं, भाकरी, ठेचा मिळतो. भाकरी बरी होती. सन्मतीने आईने दिलेला डबा उघडला, दशम्या आणि चटणी, आणि अर्धा डबा मामांकडे सरकवला. मग तिने दोन्ही निळे क्रेट उतरवून घेतले आणि हत्यारं तपासायला बसली. पाने मापाप्रमाणे लावले. स्क्रूच्या डब्या हलवून पाहिल्या. तिने ते काम पूर्ण केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून केलं. मामा तिच्याकडे बघत होते.

"पोरी, किती येळा मोजशील? वाढणार हायत व्हय?"

"कमी झालेलं कळतंय, मामा."

पॅक प्रवासात अर्धेच भरलेले ठेवतात, हे तिने मला तिथे सांगितलं. पूर्ण भरलेला पॅक हादऱ्यांत धोक्याचा. म्हणजे पोचल्यावर तपासणीपूर्वी निदान एक तरी पॅक पूर्ण भरायला हवा, आणि त्याला पाऊण तास लागतो. पाचमधून पाऊण तास वजा. सव्वाचार. साताऱ्याहून पुढे भरलेल्या गाडीला तीन तास. सव्वाएक. त्यानंतर पेटी आली तर ती आली नाही असंच धरायचं.

एक वाजला. सव्वा वाजला. ती रस्त्याकडे पाठ करून बसली होती. मामांनी दोर सोडून पुन्हा बांधला. बाजूच्या टेबलावर दोन ट्रकवाले उसाच्या भावावर बोलत होते. दीड वाजता सन्मती म्हणाली, "सर, मॅडमना कळवूया का?" मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू. दहा मिनिटांनी काय बदलणार होतं, हे मला माहीत नव्हतं.

एक चाळीसला कार आली. चिखलाने आणि धुळीने एकाच रंगाची झालेली. पेटी पुढच्या सीटवर होती, पट्टा लावून.

"गाडी वरडाय लागली," बाळगोंडा अण्णा उतरत म्हणाले. "तिला वाटलं माणूस बसलाय. मग बेल्ट लावला, गप बसली."

कराडजवळ एक ट्रक आडवा झाला होता. त्यात त्यांचा पाऊण तास गेला होता. ते कुठे थांबले नव्हते, पाणीही प्यायले नव्हते. पेटी त्यांनी स्वतः उचलली, दोन्ही हातांनी, भरलेली घागर उचलावी तशी सरळ, आणि पिकअपमध्ये ठेवून आपल्या हाताने बांधली. सन्मतीने झाकण उघडून मीटर लावला. सगळे पॅक ठीक होते. मग पाण्याची बाटली वडिलांच्या हातात दिली. चहा आला तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

मग त्यांनी पेटीवरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मेले," ते म्हणाले. "म्हंजे?"

"वर."

"पास."

ते निपाणीकडे वळले. आमच्या वेळेचा हिशेब आधीच चुकलेला होता. सन्मतीने नवीन हिशेब मांडला: पॅक पूर्ण न भरता, आहे तसा लावायचा. अर्ध्या पॅकवर यंत्र उभं राहील, चाकं फिरवील, हात उचलील. तपासणीला तेवढंच लागतं. हात उचलताना व्होल्ट किती पडतील हे तिला नक्की माहीत नव्हतं. किती खाली गेले तर यंत्र आपोआप बंद होतं, ते माहीत होतं.

खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, मग गर्दी. मामांनी दिवसात पहिल्यांदा साठ ओलांडले. चार चाळीसला कॉलेजच्या फाटकातून आत गेलो. मुलं फाटकाशीच उभी होती. दोर सोडायला वेळ नव्हता. मामांनी विळ्याने कापला. वाकळ निघाली, टॉवेल निघाला, यंत्र टेबलावर गेलं.

तपासणीच्या टेबलावर एक तरुण होता, गळ्यात ओळखपत्र. त्याने पेटीवरचा शब्द वाचला.

"मेलेले पॅक इथे का आणलेत?"

"मेले म्हणजे वर," सन्मती म्हणाली. "ही बाजू वर. कन्नड आहे." पुण्यात ती 'आहे' म्हणाली, हे मी लक्षात ठेवलं.

तिने पॅक जोडला. चाकं फिरली. हात उचलायला सुरुवात झाली तेव्हा तिचं लक्ष यंत्राकडे नव्हतं, मीटरकडे होतं. आकडा पडत गेला. मर्यादेच्या जरा वर थांबला. हात वर गेला आणि वर राहिला. त्या तरुणाने कागदावर खूण केली. पाचला सात मिनिटं होती.

सामन्यांबद्दल थोडक्यात. पाच खेळलो, दोन जिंकलो. तिसऱ्यात हाताचा स्क्रू पळाला. तो सन्मतीच्या डबीतून लगेच मिळाला, पण सामना थांबत नाही. उपांत्यपूर्व फेरी गाठली नाही. संघातली लहान मुलं थोडी रडली. बारावीतली चौघं सामान आवरत होती.

सोमवारी परतलो. शनिवारी आणि रविवारी रात्री मामा कॉलेजच्या आवारात गाडीतच झोपले, वाकळ पांघरून. यंत्र तेव्हा आत होतं. येताना रस्ता तोच, खड्डे तेच, घाई नव्हती. निपाणीत शेडसमोर दोन मिनिटं थांबून मेलेल्या पॅकची पेटी घेतली. सन्मती तिथे उतरली नाही. बॅटऱ्या फळीवर ठेवेपर्यंत जबाबदारी आपली, म्हणाली.

अशा प्रवासातून काय उरतं, असं स्टाफरूममध्ये एकाने विचारलं. दोन पेट्या उरल्या. प्रयोगशाळेत सन्मतीने त्या फळीवर शेजारी ठेवल्या आणि लाल रंगाची डबी उघडली. मी सुचवलं की 'मेले' खोडून 'वर' लिहावं, म्हणजे पुन्हा घोळ नको.

"आप्पांचं अक्षर हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

तिने कोऱ्या पेटीवर लिहिलं: उतरले.

बॅटरी उतरली, हे कुणालाही कळणारं मराठी. संघात ते कुणी म्हणत नव्हतं, इतकंच. आता म्हणतात. पॅक मरत नाहीत, उतरतात. 'उतरले' पेटीत निकामी पॅक आणि 'मेले' पेटीत चांगले. नव्याने येणाऱ्या मुलांना हे एकदा समजावून सांगावं लागेल, आणि ते काम माझ्याकडे आलं आहे.

पुढच्या वर्षी सामान भरताना सन्मती नसेल. बाळगोंडा अण्णांनी त्या दिवशी नेलेली किल्ली सोमवारी शेडसमोर मला परत देण्याआधी निपाणीत तिची एक प्रत करून घेतली होती. ती प्रत त्यांच्याकडेच आहे, मी मागितलेली नाही.